बंद पंख्याखालचे अडतीस अंश

इथल्या जुन्या मंडळींना माझा आयडी माहीत असेल. या धाग्यावर मी आजवर फक्त टिंगल करायला येत आलोय. कोणी लिहिलं की घाटात गाडीसमोर बाई आली, की खाली माझा प्रश्न ठरलेला – हेडलाईट किती वॉटचे होते? कोणाच्या हॉस्टेलात रात्री आपोआप दिवे लागायचे, त्यांना मी अर्थिंग तपासायला सांगितलं होतं. एका ताईंनी वैतागून मला ‘आपण आपल्या मल्टिमीटरसह सुखात राहा’ असा आशीर्वाद दिला होता. नाही राहिलो ताई. म्हणून आज लिहायला बसलोय.

आधीच सांगतो, यात बाई नाही, पिंपळ नाही, अमावस्या तर नाहीच. भर दुपारची गोष्ट आहे. खराडीतल्या एका कंपनीचा एसी हॉल, ट्यूबलाईटचा लख्ख उजेड, आणि साक्षीला सोळा कॉम्प्युटर.

माझं नाव संजीव. बिबवेवाडीत आमचं दुकान. वडिलांचं – अप्पांचं – रेडिओ, टीव्ही, ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं, आणि पुढे त्यातलंच अर्धं काउंटर माझं, कॉम्प्युटर असेंब्लीचं. काळ तो, जेव्हा खराडीतली शेतं संपून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि बिबवेवाडीतल्या प्रत्येक आईला आपल्या मुलाच्या गळ्यात कंपनीचा फोटोवाला पट्टा बघायचा होता. माझी आई त्यात आघाडीवर. मी सत्तावीस वर्षांचा, आणि मला दुकानातून सुटायचं होतं. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांचा आणि ‘जरा बघता का, चालू होत नाहीये’ या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आला होता.

माझा छंद होता ओव्हरक्लॉकिंग. म्हणजे कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय त्याच्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं. तो पळतो, पण मग वीज जास्त खातो. ही वीज त्याला बेताबेताने वाढायचं काम मदरबोर्डवरचे नखाएवढे काळे तुकडे करतात, त्यांना मॉस्फेट म्हणतात. प्रोसेसरला थंड ठेवायला जग धडपडतं, या तुकड्यांकडे कोणी बघत नाही. लग्नात नवरदेवाला पंखा आणि आचारी भट्टीपाशी, तसला प्रकार. त्यात आम्ही प्रोसेसर पाण्याने थंड करायचो – डेझर्ट कूलरचा पंप, पारदर्शक नळी आणि बादलीत साक्षात खडकवासला. प्रोसेसर गारेगार! पण त्याच्यावर पंखा नसला की शेजारच्या मॉस्फेटना वारा लागत नाही. ते शंभर अंशांवर सहज जातात. सव्वाशेच्या पुढे फट् आवाज, एक वळवळती धुराची रेघ, आणि बोर्ड कायमचा गेला. म्हणून त्यांच्या डोक्यावर उष्णता ओढून घेणारे धातूचे छोटे हीटसिंक चिकटवायचे आणि वर एक छोटा पंखा लावायचा. एवढं लक्षात ठेवा, बाकी टेक्निकल काही नाही.

अप्पांना कॉम्प्युटर येत नव्हता, पण तापलेलं सामान त्यांना कळायचं. ते उलटं बोट लावून बघायचे. आयुष्यभर सोल्डरिंग करून बोटांची पुढची बाजू निबर झालेली, म्हणून नखाच्या वरची, मागची कातडी टेकवायची आणि तीन मोजायचे. तीनपर्यंत बोट राहिलं तर ठीक, दोनला उचलावं लागलं तर हीटसिंक कमी पडतोय. ‘मीटरची बॅटरी उतरते, कातडीची नाही,’ म्हणायचे. आपण होऊन कोणी चालू मशीनमध्ये हात घातला की बोटाच्या पेरावर टिचकी मारायचे. सणसणीत. गिऱ्हाइकासमोर सत्तावीस वर्षांच्या मुलाला टिचकी! मला लाज वाटायची. तसं एकदा बोललोही होतो त्यांना.

आता नितेश. नितेश आर्वीचा, वर्धा जिल्ह्यातला. डिप्लोमाला पुण्यात आला आणि आमच्या मागच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहायला लागला. सोल्डरिंग गन दुरुस्त करून घ्यायला दुकानात आला तो तीन वर्षं गेलाच नाही. कॉलेज, आणि नंतर कारखान्यातली शिफ्ट संपली की अप्पांच्या शेजारी स्टुलावर. अप्पांनी मला कधी असं बसवून शिकवलं नाही. आई म्हणते, तू बसलाच नाहीस. असो, बाजू दोन असतात.

ओव्हरक्लॉकिंग आम्ही दोघं मिळून करायचो. आदल्या वर्षी एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये आमच्या मशीनचा दुसरा नंबर आला होता. प्रमाणपत्रावर माझं एकट्याचं नाव होतं. फॉर्मवर नावाला एकच रकाना होता, मी काय करणार? रांगेत मी उभा होतो, नितेश बाहेर बादली धरून होता. अप्पांनी ते प्रमाणपत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि परत वाचलं. बोलले काही नाहीत. पुण्यात न बोलणं ही फार मोठी शिवी असते.

मग खराडीच्या त्या कंपनीची जाहिरात आली. त्यांची मदरबोर्ड तपासण्याची लॅब उघडणार होती. तिथल्या एका जागेसाठी डिग्री-बिग्री काही नको, खुली स्पर्धा – आपापलं मशीन आणा, सकाळी अकरा ते पाच पूर्ण लोडवर पळवा, मशीन बंद न पडू देता जो सर्वांत जास्त वेगाने पळवेल तो आत. जागा एकच. स्पर्धेला साडेचार-पाच महिने होते. मी लगेच फॉर्म भरला. माझ्या नावाने, पण माझ्या मनात ते ‘आमचं’ मशीन होतं. नितेश मदत करणार हे मी धरूनच चाललो होतो.

त्याच सुमारास एकदा अप्पा जुन्या ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक करवतीने कापताना दिसले. सात तुकडे. एकेकाच्या कडा कानशीने घासून, खालची बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून आरशासारखी सपाट केलेली. कोणासाठी, विचारलं तर म्हणाले, “लागतील.” मी समजलो माझ्यासाठी. कोणीही तेच समजलं असतं.

पुढे थोड्याच दिवसांत अप्पा गेले. दुपारी दुकानात बसल्या बसल्या, हार्ट अटॅक. मी पुढे मडकं धरून होतो आणि खांद्याला नितेश होता.

चार महिन्यांनी स्पर्धा. आठ दिवस आधी नितेश म्हणाला, घरी काम निघालंय, आर्वीला जाऊन येतो. मी चिडलो, पण जा म्हटलं. मशीन एकट्याने बांधलं. अप्पांचे ते सात तुकडे शोधायला अख्खं दुकान उपसलं, सापडले नाहीत. शेवटी बाहेरून मागवलेला चकचकीत तांब्याचा हीटसिंक सेट घेतला, खाली चिकटणारे पॅड असलेला. आणि शनिवारी सकाळी रिक्षात मांडीवर उघडा मदरबोर्ड, पायांत बादली, अशी वरात काढून खराडीला पोचलो.

माझं टेबल नऊ नंबर. दहा नंबरवर नितेश बसला होता.

पुढ्यात त्याचं मशीन, गळ्यात स्पर्धकाचं कार्ड, आणि त्याच्या नव्या कोऱ्या बोर्डवर, मॉस्फेटच्या डोक्यावर, एका ओळीत अप्पांचे ते सात तुकडे.

 बाहेरच्या माणसाने मारलं की लागतं. घरात जेवलेल्या माणसाने मारलं की आधी खरंच वाटत नाही.

“आर्वी खराडीत आली वाटतं?” मी म्हणालो.

“संज्या, ऐकून तं घे…”

“ते तुकडे अप्पांचे आहेत.”

“हो. त्यांनीच देल्ले मले.”

“वा. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.”

तो मान खाली घालून बादलीतल्या पंपाची वायर सरळ करत बसला. मला वाटलं, चोराला तोंड नाही.

अकराला सगळ्यांचं लोड चालू झालं. परीक्षक म्हणून कंपनीचे एक परांजपे सर होते, बारीक मिशीचे, हातात पिस्तुलासारखा थर्मामीटर. लांबून नेम धरायचा, लाल ठिपका पडतो, आकडा दिसतो. दर तासाला ते प्रत्येक बोर्डच्या मॉस्फेटवर नेम धरून वहीत आकडा लिहीत होते. बाराला नितेशचे बावन्न, माझे अठ्ठ्याऐंशी. एकला त्याचे त्रेपन्न, माझे त्र्याण्णव. दोनपर्यंत सोळातली नऊ मशीन पडली होती. वेगाच्या यादीत नितेश पहिला आणि मी दुसरा. पण माझं तापमान चढत होतं आणि त्याचं हलत नव्हतं. का चढतंय, ते मला समजत नव्हतं. एवढा महागाचा सेट, वर चांगला पंखा… आणि शेजारी भंगारातल्या ॲम्प्लिफायरचं ॲल्युमिनियम, थंड बसलेलं.

आता पुढचं. हे मी कधीच कुठे लिहिलेलं नाही.

दोननंतर नितेश जेवायला कँटीनमध्ये गेला. परांजपे सर हॉलच्या पलीकडच्या टोकाला होते. मी बूट बांधायचं निमित्त करून वाकलो, आणि त्याच्या मॉस्फेटवरच्या पंख्याचा कनेक्टर वर ओढला. पूर्ण उपटला नाही, अर्धाच. आपोआप सैल पडल्यासारखा दिसेल असा. बघा, रागातसुद्धा माझं काम स्वच्छ. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला.

तुम्ही म्हणाल, चोराच्या उलट्या बोंबा. म्हणा. माझ्या वडिलांचं शेवटचं काम माझ्यापासून लपवून, खोटं बोलून, माझ्याच शेजारी मांडून बसलेल्या माणसाबद्दल मला त्या क्षणी काहीही वाईट वाटलं नाही.

हिशोब साधा होता. पाण्यामुळे प्रोसेसरला वारा नाही, आता पंखाही नाही. त्या व्होल्टेजला ते सात तुकडे जास्तीत जास्त दहा मिनिटं तग धरतील. मग फट्.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. नितेश जेवून आला, स्क्रीनकडे बघत बसला. चाळीस झाली. मी चोरून बघत होतो – पंखा बंदच होता. लोड पूर्ण होता, स्क्रीनवरचा आलेख शंभर टक्क्यांना टेकलेला. फट् झालं नाही.

तीनला परांजपे सर आले, नेम धरला, आकडा बघितला आणि भुवया वर केल्या. परत नेम धरला.

“अहो, तुमचा पंखा बंद आहे,” ते नितेशला म्हणाले.

“किती सर?”

“तेच तर. अडतीस दाखवतोय.”

पंखा चालू असताना बावन्न, आणि बंद असताना अडतीस! सरांना अर्थात थर्मामीटर बिघडला असं वाटलं. त्यांनी स्वतःच्या चहावर नेम धरला, एकसष्ट. माझ्या बोर्डवर धरला, एकशे चार. परत नितेशच्या बोर्डवर, अडतीस. सातही तुकडे एकेक करून तपासले. सातही अडतीस.

नितेशने कनेक्टरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो ओरडला नाही. त्याने उजव्या हाताचं बोट उलटं केलं आणि मधल्या तुकड्यावर टेकवलं. मी सवयीने मोजायला लागलो. एक, दोन, तीन. त्याने बोट उचललं नाही. दहा. पंधरा. वीसपर्यंत मी मोजलं, तोवर त्याचे डोळे भरून आले होते.

“लावून घ्या तो पंखा, नियमात बसतं,” सर म्हणाले.

“राहू द्या सर,” नितेश म्हणाला. “चालून राहिलं.”

सरांनी खांदे उडवले आणि वहीत आकडा लिहिला. चारला परत आले. अडतीस. एक अंश वर नाही, एक अंश खाली नाही. एव्हाना हॉलमधले मशीन बंद पडलेले स्पर्धकही भोवती जमले होते. कोणी म्हणालं सेन्सर, कोणी म्हणालं एसी. एसी सोळाही टेबलांना होता हो, माझंच टेबल काय उन्हात होतं?

मला राहवेना. मी उठलो, म्हणालो, “बघू.” नितेश बाजूला सरकला. मी बोट उलटं केलं आणि त्या तुकड्याजवळ नेलं. धातूची झळ लागली नाही, टेकायला अर्धा इंच राहिला असेल…

आणि माझ्या बोटाच्या पेरावर टिचकी बसली.

शॉक नव्हता. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, हे मी तुमच्यातल्या निम्म्या लोकांना याच धाग्यावर सांगितलंय. शॉकने स्नायू आखडतो, हे हाडावर लागलं. सणसणीत, नेमकं मधल्या पेरावर, वरून खाली. माझा हात इतक्या जोरात मागे आला की मागे उभ्या असलेल्याला कोपर लागलं. पेरावर लालभडक ठिपका उठला होता. तो दोन दिवस गेला नाही.

मी ‘अप्पा’ असं म्हणालो की नाही, मला आठवत नाही. नितेश म्हणतो, म्हणालास.

पण खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांसमोर काळोख आला. अप्पा, तुम्ही गेल्यावर चार महिने मला एक स्वप्न नाही, एक भास नाही. दहाव्याला कावळासुद्धा तासभर शिवला नव्हता. आणि आलात तेव्हा कोणाकडे आलात? माझं मशीन हातभर अंतरावर एकशे चारच्याही वर उकळत होतं. तिकडे नाही ठेवला हात. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण इथे दातांनी ओठ सोडून शेजाऱ्याचा घास चावला होता.

तेवढ्यात मागे फट् झालं. नऊ नंबर. धुराची रेघ वर गेली आणि माझा स्क्रीन काळा झाला. चार वाजून अकरा मिनिटं. नितेशचं मशीन पाचपर्यंत चाललं. जागा त्याला मिळाली.

माझा बोर्ड का जळाला, याचं उत्तर घरी गेल्यावर पाच मिनिटांत सापडलं. तांब्याचे तुकडे उचकटून काढले, तर प्रत्येक पॅडच्या खालच्या बाजूला पातळ निळसर प्लास्टिक तसंच होतं, उष्णता अडवत. एका बाजूचं मी सोललं होतं, दुसऱ्या बाजूलाही असतं हे बघितलंच नाही. पॅड थोडंफार चिकटल्यासारखं वाटलं, मी पुढे गेलो. आमच्या घरात रिमोटचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, खुर्च्यांचं पाहुणे हसल्यावर काढलं. नव्या वस्तूचं प्लास्टिक दिसलं की आमचा हात आपोआप मागे येतो. थोडक्यात, माझ्या जळण्यात अमानवीय काही नाही, शुद्ध मानवी निष्काळजीपणा आहे.

नितेशच्या अडतीसचं उत्तर मात्र नाही सापडलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर शटरपाशी त्याचा बोर्ड एका खोक्यात ठेवलेला, प्रोसेसर आणि तुकड्यांसकट. वर चिठ्ठी – ‘काकांचं आहे, दुकानात राहू दे.’ मी तोच बोर्ड, तोच प्रोसेसर वापरून, तोच वेग, तेच व्होल्टेज लावून, पंखा बंद ठेवून चालवला. सात मिनिटांत एकशे तेरा, आणि मशीन पडलं. चार वेळा केलं. पाऊस पडून हवा गार झाल्यावर एकदा केलं. टेबलफॅनसमोर केलं, तरी सत्तरच्या खाली आलं नाही. एका ओळखीच्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, अडतीस म्हणजे कणकण, क्रोसिन द्या. विनोद बरा होता. उलटं बोट लावून बघितलं, दोनलाच उचलावं लागलं. टिचकी नाही, काही नाही. तापलेलं ॲल्युमिनियम, बाकी काही नाही.

पंधरा दिवसांनी नितेश पेढे घेऊन घरी आला. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलो. आईने त्याला चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली. मग तोच म्हणाला, “संज्या, बोलत नाही तं नको बोलू. पण एक सांगून जातो. फॉर्म भरायले काकांनीच सांगतलं होतं मले. वेगळा भर म्हणे, आणि संजूले सांगू नको. ते तुकडेबी तवाच देल्ले.”

“का?” मी वर्तमानपत्रामागून विचारलं.

“मी इचारलं ना, काऊन म्हणून. बोल्लेच नाही. स्क्रू कसत राहिले.”

म्हणजे मेल्यावर नव्हे. जिवंतपणी. माझ्या समोर बसून, माझ्या हातचा चहा पीत, माझ्या पाठीमागे. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आणि का कोण जाणे, बहुतेक त्यांच्या फोटोला ऐकू जावं म्हणून, मोठ्याने म्हणालो, “तुझ्या पंख्याची वायर मी काढली होती.”

“मले माहीत आहे,” नितेश म्हणाला. “मी कोणाले नाही सांगतलं.” त्याने चहा संपवला, आईच्या पाया पडला आणि गेला. आजही खराडीला आहे. दिवाळीला फोन करतो, मी उचलतो. बोलणं होत नाही फारसं.

मंडळी, ज्यांना स्पष्टीकरण द्यायचंय त्यांनी खाली जरूर द्या. थर्मामीटरची चमकत्या धातूवर चूक होते, हे मला माहीत आहे. सकाळी त्याच धातूवर त्याने बावन्न दाखवले होते. टिचकी म्हणजे मनाचा खेळ म्हणाल, मीही इतरांना तेच म्हणत आलोय. इतक्या वर्षांत माझ्याकडे स्वतःला पटेल असं एकही उत्तर नाही, आणि मी शोधायचं थांबवलंय. कारण नितेश गेल्यानंतर जे झालं, ते तापमानापेक्षा जास्त भारी होतं.

आई कप उचलत होती. मी म्हणालो, “बघितलंस? पोटच्या पोराला टाकून परक्याला. शेवटपर्यंत मला पत्ता लागू दिला नाही.”

“मला माहीत होतं,” आई म्हणाली.

“काय?”

“त्याला वेगळा फॉर्म भरायला लावला ते. मी विचारलं होतं त्यांना, स्वतःच्या मुलासमोर दुसऱ्याला उभं करता, शोभतं का? तर म्हणाले, ‘दोघं एकत्र राहिले तर संजू त्याचं नाव खाईल. वेगळे झाले तर त्याच्या मशीनला हात लावेल. त्यातल्या त्यात दुसरं बरं, ते दिसतं तरी.’”

 पेढ्याचं खोकं उघडंच होतं, तिने झाकण लावलं.

“मी म्हटलं, माझा मुलगा तसला नाही. फार भांडले मी त्यांच्याशी. मग बोलणंच सोडलं. दोन दिवस. त्यांचं पान मी वाढायचे आणि आत निघून जायचे.”

ती कप घेऊन आत गेली. मी हिशोब केला. करायला नको होता. त्या भांडणानंतर अप्पा अकरा दिवस जगले. त्यातले दोन तिने माझ्यापायी घालवले.